वास काढायचा, पण वाळवायचं कुठे?

जुलैच्या मध्यावर सदाशिव पेठेतल्या एखाद्या चारमजली इमारतीचा जिना चढून बघावा. पहिल्या मजल्यावर अभ्यासिका, दुसऱ्यावर कॉट बेसिसने दिलेल्या खोल्या, तिसऱ्यावर एखादं जुनं कुटुंब. दारोदार चपलाबुटांचे ढीग. त्यात रविवारी सिंहगडाला जाऊन आलेले चिखलाचे बूट असतात, पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलाचे स्पाइक्स असतात, कठड्याला क्रिकेटची किटबॅग टांगलेली असते, आणि त्या सगळ्यांचा मिळून एक वास असतो. नाक सगळेच मुरडतात. उपाय मात्र ज्याचा त्याचा वेगळा. कुणी बुटात खायचा सोडा टाकतो, कुणी पॅडवर डिओ मारतो, कुणी बॅगेत डांबरगोळ्या ठेवतो. एखादा धीट गडी तर ग्लोव्हज पिशवीत गुंडाळून आईच्या नकळत फ्रीजरमध्ये सरकवतो. यातलं काय खरंच चालतं, कशाने नुसतं समाधान होतं, आणि जुन्या तालमींना हा प्रश्न एवढा का छळत नव्हता, ते एकदा सलग मांडून बघण्यासारखं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: आपण वासाशी भांडत बसतो, आणि भांडण असतं ओलाव्याशी.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. पाणी, मीठ, थोडी प्रथिनं आणि चरबी एवढाच तो ऐवज. वास तयार होतो तो त्यावर जगणाऱ्या जिवाणूंकडून, आणि अवयवानुसार हे जिवाणूही वेगळे. काखेत एका खास प्रकारच्या ग्रंथी असतात. त्यांच्या स्रावातला एक गंधहीन रेणू स्टॅफिलोकॉकस होमिनिस नावाचा जिवाणू फोडतो आणि त्यातून गंधकयुक्त संयुग बाहेर पडतं. हे संयुग इतकं तीव्र की अगदी लेशमात्र असलं तरी नाकाला कळतं. तळपायांत त्या खास ग्रंथी नाहीत, पण साध्या घामग्रंथी शरीरात सर्वांत दाट तिथेच आणि तळहातांवर आहेत. तिथे मेलेली त्वचाही भरपूर. जिवाणू घामातलं ल्युसिन हे अमिनो आम्ल फोडून आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात. बुटाचा आंबूस वास तो हाच. पायांवर राहणाऱ्या ब्रेव्हिबॅक्टेरियमचाच एक भाऊबंद युरोपातलं लिम्बर्गर चीज पिकवतो. मलेरियाचा डास त्या चीजकडे आणि माणसाच्या पायाकडे सारख्याच ओढीने येतो, हे दाखवणाऱ्या संशोधनाला २००६ साली इग नोबेल मिळालं होतं.

तिसरा वास पावसाळ्याचा. धुतलेला टी-शर्ट दोन दिवस दोरीवर दमट राहिला की जो कुबट वास येतो, त्याचं मूळ २०१२ साली जपानी संशोधकांनी शोधलं. मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू ओल्या कपड्यात एक मेदाम्ल तयार करतो. या जिवाणूची खोड अशी, की तो कोरडेपणा आणि अतिनील किरण इतरांपेक्षा जास्त सोसतो. घरोघरी येणाऱ्या एका अनुभवाचं उत्तर यात आहे. कपाटातून काढलेली जर्सी नाकाला अगदी स्वच्छ वाटते, मैदानावर पाच-दहा मिनिटं घाम येतो, आणि वास पुन्हा हजर. तो वास नवा नसतो. जिवाणू आणि त्यांनी सोडलेले तेलकट अवशेष धाग्यातच दडून बसलेले असतात, पाणी मिळालं की उठतात.

धागा कुठला, यावरही बरंच ठरतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २०१४ साली २६ जणांना व्यायामाच्या सायकलवर दमवून त्यांचे टी-शर्ट २८ तास ठेवले आणि मग तरबेज वास घेणाऱ्यांपुढे मांडले. पॉलिस्टरचे कपडे सुतीपेक्षा स्पष्टपणे जास्त आणि अधिक किळसवाणा वास मारत होते. मायक्रोकॉकस नावाचे जिवाणू पॉलिस्टरवर विशेष फोफावले होते. पॉलिस्टर पाणी शोषत नाही, पण तेलाला धरून ठेवतं. अंगावरची चरबी त्याला चिकटते आणि बादलीतल्या थंड पाण्याच्या धुण्याला दाद देत नाही. सुती धागा घाम आत ओढून घेतो, त्यामुळे तो वाळायला उशीर लावतो, पण वासाचे बरेच रेणूही आतच अडकवून ठेवतो. ‘लवकर वाळणारी’ म्हणून आपण ज्या जर्स्या घेतल्या, त्यांनी वाळण्याचं वचन पाळलं. वासाचं वचन त्यांनी दिलंच नव्हतं.

इथे थोडं मागे जाऊ. टिळक रस्त्यावरच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर यांनी १९२६ साली गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ धावा केल्या. त्या काळात पॅड म्हणजे कॅनव्हास, आत वेताच्या काड्या आणि कापसाची भर, वरून पांढऱ्या मातीचा हात. शर्ट सुती किंवा फ्लॅनेलचा. सामान जड होतं, ओलं झालं की आणखी जड. पण त्यातला प्रत्येक थर हवा खेळू देणारा होता आणि वरची पांढरी माती ओल पिऊन घेत होती. आजच्या पॅडला बाहेरून रेक्झिनसारखं आवरण, मध्ये दाट फोम, आत पॉलिस्टरची जाळी. फोमचेही दोन प्रकार, आणि हा फरक किट धुणाऱ्याने ओळखायला हवा. पॅडच्या मुख्य भागातला दाट फोम बंद पेशींचा असतो, पाणी आत घेत नाही. तिथे वास फक्त वरच्या अस्तरात असतो आणि ते अस्तर पुसून निघतं. हेल्मेटच्या आतली गादी, बॉक्सिंग ग्लोव्हजचं अस्तर, बुटाची टाच हे उघड्या पेशींचे फोम. घाम आत जातो, हवा जात नाही. सगळा त्रास इथला.

आता तालीम. पुण्याच्या पेठांत एके काळी तालमींचं जाळं होतं. चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम, नगरकर तालीम ही नावं आजही पत्ता सांगताना येतात. काही तालमी तर आता गणेश मंडळाच्या नावापुरत्याच उरल्या आहेत. पन्नास पैलवान दिवसातून दोनदा ज्या मातीत घाम गाळतात, ती माती सडायला हवी. तशी ती सडत नाही. हौद्यातली लाल माती चाळून घेतात, तिच्यात हळद, ताक, लिंबाचा रस, तेल, कापूर, काव, कुठे कडुनिंबाचा पाला मिसळतात. प्रत्येक तालमीचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येक वस्तादाला आपलंच खरं वाटतं. ताक आणि लिंबू मातीला आंबट ठेवतात, आणि त्वचेला त्रास देणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना आंबट मानवत नाही. कापूर आणि कडुनिंब थोडाफार जंतुरोध करतात. तेलामुळे धूळ बसते. हे सगळं मान्य करूनही माझा कौल या मसाल्याला नाही, फावड्याला आहे. रोज भल्या पहाटे कुणीतरी, बहुधा नवा पोरगा, तो हौदा खणतो. खालची माती वर येते, वरची खाली जाते, ढेकळं फुटतात, हवा आत शिरते. वास करणारे बरेच जिवाणू दमट, कोंदट जागी माजतात. रोज उलटलेल्या मातीत त्यांना ते सुख मिळत नाही. शिवाय मातीत तिचे स्वतःचे असंख्य जीव आहेत. पहिल्या पावसाला जो वास आपण हौसेने घेतो तो जिओस्मिन याच मातीतल्या ॲक्टिनोमायसिट्सनी केलेला. घामाचा पाहुणा तिथे एकटा पडतो.

पैलवानाच्या अंगावर काय असतं? सुती लंगोट, वरून जांघिया. लंगोट ज्याचा त्याचा, रोज धुवायचा, दोरीवर टाकायचा, दुसऱ्याच्या लंगोटाला हात लावायचा नाही. हा नियम तालमीच्या शिस्तीचा म्हणून सांगितला जातो, पण घामाच्या शास्त्रात तो सर्वांत मोलाचा आहे. कातडी आणि सामान यांच्यामध्ये एक स्वस्त, सुती, धुता येणारा, बदलता येणारा थर ठेवा. पुढे वाचताना हा लंगोट लक्षात ठेवावा, तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

१९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं तेव्हा मातीत वाढलेल्या त्या मल्लाला गादीची सवय करून घ्यावी लागली होती. आता मॅट जिल्ह्याजिल्ह्यात पोचली आहे. सोबत लंगोटाच्या जागी घट्ट ताणणारा सिंगलेट आला, आणि मातीच्या जागी फोमवर ताणलेलं प्लॅस्टिकचं आवरण. मॅट घाम पीत नाही, तो तिच्यावर पडून राहतो. तिला खणता येत नाही, म्हणून रोज पुसावी लागते. पुसण्यातही एक गोम आहे. जंतुनाशकाला काम करायला काही मिनिटं ओलं राहावं लागतं. फडका फिरवून लगेच कोरडं केलं तर धूळ निघते, जंतू राहतात. आणि रस्त्यावरचे बूट घालून मॅटवर चढायचं नाही, हा नियम भिंतीवर लिहिलेला असतो खरा, पाळणारे थोडे.

मल्लखांबाची गोष्ट निराळी. टिळक रस्त्यावरच्या, १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळात पिढ्यान्‌पिढ्या पोरं मैदानी खेळ आणि व्यायाम शिकली आहेत. मल्लखांबाला लावतात एरंडेल. ते लवकर खवट होत नाही, कारण त्यातलं मुख्य मेदाम्ल हवेशी सहज बिघडत नाही. क्रिकेटच्या बॅटला चोळतात ते जवसाचं तेल अगदी उलट्या स्वभावाचं. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, म्हणूनच ते लाकडाला चांगलं, आणि म्हणूनच त्याचा बोळा किटबॅगेत कोंबून ठेवू नये. वास तर मारतोच, पण जवसाच्या तेलाचे चोळामोळा झालेले बोळे आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

आता स्वयंपाकघरातले उपाय. खायचा सोडा खरंच चालतो, आणि का ते सोपं आहे. आयसोव्हॅलेरिक आम्ल हवेत उडतं म्हणून नाकाला कळतं. सोड्याशी संयोग झाला की त्याचं मीठ बनतं, मीठ उडत नाही, वास थांबतो. रात्री बुटात शिंपडावा, सकाळी झटकून टाकावा. पण सोडा जिवाणू मारत नाही, त्यामुळे पुढच्या घामाला नवं आम्ल तयार. आणि चामड्याच्या बुटात रोज टाकला तर चामडं कोरडं पडतं. व्हिनेगर उलट बाजूने काम करतं: अमोनियाचा झणझणीत वास घालवतं, जिवाणूंना थोडं दडपतं. दोन्ही एकत्र ओतून फसफसणारं मिश्रण करण्याची फॅशन मात्र निव्वळ करमणूक आहे. दोघं एकमेकांना संपवतात, उरतं जवळपास खारं पाणी. ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही मिसळू नये, क्लोरिन वायू निघतो. हे न्हाणीघर साफ करतानाही तितकंच खरं. तुरटीच्या पाण्यात पाय बुडवणं हा जुना उपाय चांगला आहे. तिच्यातलं ॲल्युमिनियम घाम कमी करतं, आणि विकतच्या घामरोधकांत तरी दुसरं काय असतं? कोऱ्या काळ्या चहाचं पाणीही त्यातल्या टॅनिनमुळे पायांना चालतं. ते बुटात मात्र ओतू नये.

डिओ आणि अत्तराबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. दोन वास एकत्र येतात, एवढंच. काही फवाऱ्यांत सायक्लोडेक्स्ट्रिन असतं. हा स्टार्चपासून केलेला पोकळ कड्यासारखा रेणू वासाच्या रेणूंना पोटात अडकवतो. ते नुसत्या अत्तरापेक्षा बरं, पण जिवाणू आणि ओल जागच्या जागी. सॅनिटायझरमधला अल्कोहोल जंतू मारतो आणि उडून जातो, म्हणून ग्लोव्हजच्या आत हलका फवारा ठीक. हेल्मेटच्या कवचावर मात्र कसलंही द्रावक लावू नये, प्लॅस्टिक ठिसूळ होऊ शकतं. डांबरगोळ्यांचा मी कडवा विरोधक आहे. त्या कसर मारतात, जिवाणूंचं त्यांच्याने काही बिघडत नाही, आणि त्यांची वाफ श्वासात घेणं चांगलं नाही. काही जणांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जन्मजात नाजूक असतात, त्यांना नॅप्थालिनने गंभीर त्रास होतो. ऊद आणि कडुनिंबाच्या धुरीत जंतुरोधक द्रव्यं असतात, पण धूर फोमच्या आत पोचत नाही आणि पॉलिस्टरला त्याचा वास महिनाभर सोडत नाही. राहिला फ्रीजर. गोठवल्याने बहुतेक जिवाणू मरत नाहीत, झोपतात. ग्लोव्हज हाताच्या उबेला आले की तेही जागे. आईची बोलणी खाण्याइतका हा उपाय मोलाचा नाही.

धुण्याचा उपाय मात्र नेटाने करायला हवा, आणि तो रोज नव्हे, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. मोरॅक्सेला धाग्यात बसला असेल तर नुसत्या वाळवण्याने जात नाही. त्याला उष्णता किंवा प्राणवायू लागतो. पुण्यात बऱ्याच गच्च्यांवर सोलर आहे. दुपारचं चांगलं कढत पाणी बादलीत घ्यायचं, त्यात ऑक्सिजन ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेट असलेली डाग काढायची पावडर टाकायची, जर्स्या, मोजे, सुती अस्तरं तासभर भिजवायची, मग नेहमीसारखं धुवायचं. चामडं, लोकर आणि इलास्टिकचे पट्टे यातून वगळावे. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव मात्र खेळाच्या कपड्यांना नको. ते पॉलिस्टरवर थर चढवतं आणि थराखाली सगळं जपून ठेवतं.

यानंतर येतं ते वाळवणं. पुण्याचा उन्हाळा हा यासाठी जगातल्या उत्तम हवामानांपैकी आहे: कोरडी हवा, कडक ऊन, दुपारचा वारा. एप्रिलमध्ये कुणाच्या किटला वास येत असेल तर तो आळस. ऊन तीन कामं एकदम करतं, पाणी उडवतं, तापवतं, अतिनील किरणांनी जिवाणू मारतं. पण उन्हाचा हात जड आहे. चामड्याचे ग्लोव्हज कडक उन्हात कडक होतात, बॅट तडकते, रबर आणि फोम पिवळे पडून ठिसूळ होतात. म्हणून आतली बाजू बाहेर करून, जिभा ओढून, सोल काढून, सावलीत वाऱ्यावर. ऊन अर्धा तास पुरे. पावसाळ्यात ऊन नाही आणि हवाच ओली, तेव्हा वारा विकत घ्यावा लागतो. टेबल फॅनसमोर उघडून ठेवलेले बूट रात्रीत वाळतात, कपाटात ठेवलेले चार दिवसांत नाही. बुटात रद्दीचे बोळे कोंबणं हा खरोखर उत्तम उपाय आहे, फक्त बोळे दोन-तीन तासांनी बदलायचे असतात, आणि तेच कुणी करत नाही. कुठलं वर्तमानपत्र जास्त पाणी शोषतं यावर पेठेत वाद होऊ शकेल.

खरी अडचण जागेची आहे. वाड्याला चौक होता, आड होता, मागे परस होतं, माडीला सज्जा होता. घामाचं धोतर, ओला लंगोट, पावसात भिजलेली वहाण, सगळ्याला जाळीतून येणारा वारा मिळायचा. वाडे पडले, त्यांच्या जागी इमारती आल्या. बाल्कन्या खोलीत घेतल्या गेल्या, डक्टमध्ये दोऱ्या बांधल्या गेल्या. गच्ची असते, तिला कुलूप असतं, किल्ली सेक्रेटरींकडे. एका खोलीत चार कॉट, चार मुलं, एक खिडकी. या मुलांना स्वच्छतेवर व्याख्यान देणं सोपं आहे. त्यांच्याकडे साबण आहे, दोरी नाही.

हॉस्टेलच्या बुटांचा हा प्रश्न शास्त्रापर्यंत पोचलाही. दिल्लीजवळच्या शिव नाडर विद्यापीठातले विकाश कुमार आणि सार्थक मित्तल यांनी हॉस्टेलमधल्या मुलांना त्यांच्या बुटांबद्दल विचारलं, आणि चप्पल-स्टँडमध्येच अतिनील सी किरणांचा दिवा बसवून बघितला. दोन-तीन मिनिटांच्या प्रकाशात वास करणारे जिवाणू गेले. फार वेळ ठेवलं की रबर जळल्याचा वास आला. २०२५ साली या कामाला इग नोबेल मिळालं. हसण्यासारखं त्यात काही नाही, आपल्या जिन्यांचा विचार करून कुणीतरी केलेलं हे दुर्मिळ काम आहे. मर्यादा मात्र आहेत. हे किरण सरळ जातात, अंगठ्याच्या बाजूच्या सावलीत पोचत नाहीत, आणि डोळ्यांना व कातडीला घातक असल्याने दार उघडताच दिवा बंद होणारी पेटीच हवी. ओझोनच्या पेट्यांचा दावा याहून मोठा. थंड देशांत आइस हॉकीच्या किटसाठी त्यांचा धंदाच चालतो. कॅनडात वाढणाऱ्या मराठी पोरांच्या आयांना गाडीच्या डिकीतला तो वास कुणी समजावून सांगायला नको. ओझोन वायू असल्याने कानाकोपऱ्यात जातो आणि वासाचे रेणू खरोखर फोडतो. पण तो फुप्फुसांना बाधतो आणि नैसर्गिक रबराला भेगा पाडतो. बंद खोलीत, माणसं झोपलेली असताना, स्वस्तातलं ओझोन यंत्र लावणं हा शुद्ध अविचार आहे. पुण्यात बूट धुऊन देणारी दुकानं निघाली आहेत; त्यांना द्यायचेच तर वाळवतात कसे, हे आधी विचारावं. हॉट एअर, म्हणजे कडक झळ, वापरत असतील तर सोलचा डिंक सुटतो.

जपानमध्ये केंदो खेळणाऱ्यांचे हातमोजे असेच कुप्रसिद्ध आहेत. जाड, कातड्याचे, आत भर असलेले, धुवायला अवघड. तिथेही आत घालायचे पातळ सुती मोजे निघाले. बॉक्सर हाताला सुती पट्टी गुंडाळतात, यष्टिरक्षक आत इनर घालतो, ट्रेकला जाणारे भाड्याच्या स्लीपिंग बॅगेत सुती लायनर सरकवतात. लंगोटच तो, वेगवेगळ्या अवयवांना घातलेला. रोज धुवायची गोष्ट हीच, ग्लोव्हज नव्हेत. पेठेतली क्रिकेटची मुलं इनर घेतात आणि तोच इनर मोसमभर न धुता ग्लोव्हजच्या आतच ठेवून देतात, त्याला काय म्हणावं?

चांदीचे धागे घातलेले मोजे आणि ‘वासरोधक’ कपडे हाही एक मार्ग. चांदीचे आयन जिवाणू मारतात यात शंका नाही. पण अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठाने २००८ साली असे मोजे धुऊन पाहिले, तेव्हा काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत पाण्यात गेली होती, काहींतली एक टक्काही नाही. वेष्टनावरून कुठले कुठले ते कळत नाही. आणि गेलेली चांदी शेवटी मुळा-मुठेतच येणार.

वास आणि रोग या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि गोंधळ इथेच फार होतो. वास मारणारे बहुतेक जिवाणू आपल्याच कातडीवरचे, निरुपद्रवी. उलट ज्याच्यापासून खरी भीती आहे त्या नायट्याच्या बुरशीला वासच नसतो. कुस्तीगिरांत नायटा जगभर पसरतो. भारतात गेल्या दशकात एका हट्टी बुरशीने ठाण मांडलं आहे, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं तिचं नावच आपल्या देशावरून पडलं. नेहमीच्या टर्बिनाफिनला ती बऱ्याचदा दाद देत नाही, आणि औषधाच्या दुकानातून विचारून आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांनी ती आणखी माजते. जांघेत गोल, खाजरा चट्टा दिसला की मलम नको, त्वचारोगतज्ज्ञ हवा. तोवर मॅटवर उतरायचं नाही, टॉवेल द्यायचा-घ्यायचा नाही. २००३ साली अमेरिकेत सेंट लुइस रॅम्स या व्यावसायिक फुटबॉल संघातल्या पाच खेळाडूंना औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे गळू झाले, तेव्हा तपासात सामायिक टॉवेलसुद्धा संशयाच्या यादीत होते. संघाच्या सामायिक किटमधला ॲब्डोमन गार्ड ही वस्तू तर सामायिक असूच नये. तो स्वस्त असतो.

राहता राहिला वापरलेलं सामान विकत घेण्याचा प्रश्न. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी डंबेल्सपासून हॉकी स्टिकपर्यंत सगळं मिळतं, आणि हॉस्टेल सोडून जाणारी मुलंही सामान विकून जातात. थंड, हवेशीर जागी वास कळत नाही. वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दहा मिनिटं उन्हात ठेवावी आणि मग पिशवी उघडावी. उष्णतेने रेणू उडतात, खरं काय ते समोर येतं. विकणारा कुरकुरला तर समजावं. लोखंड, लाकूड, बंद पेशींचा फोम निर्धास्त घ्यावा, साबणाच्या पाण्याने पुसून निघतो. पॅड घ्यावेत, पट्टे बदलावेत. ट्रेकचे बूट घेताना सोल दाबून बघावा. पॉलियुरेथेनचा सोल वर्षानुवर्षं दमट कपाटात राहिला की पाण्यानेच आतून विरघळत जातो, वरून धडधाकट दिसतो आणि राजगडाच्या संजीवनी माचीवर तळवा सोडून जातो. बॉक्सिंग ग्लोव्हजला आंबूस वास असेल तर किंमत पाडून घ्यावेत, आतून बुरशीचे काळे ठिपके दिसले तर फुकटही नकोत. आणि क्रिकेटचं हेल्मेट वापरलेलं घेऊच नये, ते अत्तरासारखं दरवळत असलं तरी. आधी कुणाच्या बाउन्सरचा मार त्याने खाऊन झाला आहे, ते कवचावर लिहिलेलं नसतं.